काविळीची माळ

"ती माळ काढावी लागेल," डॉ. हेर्लेकर म्हणाले.

"न्हाई," आण्णा म्हणाले.

आण्णा म्हणजे माझे वडील. एक्स-रेच्या टेबलावर ते डाव्या कुशीवर झोपले होते. अंगात दवाखान्याचा हिरवा गाऊन, हाताला सलाईनची सुई आणि गळ्यात घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नवेच्या, काड्यांची माळ. ती तीन दिवसांपूर्वी मीच बांधली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"धातू नाही तिच्यात," मी म्हणाले. "पांढरा दोरा आणि काड्या. एक्स-रेत दिसणार नाही."

"आणि मधेच खोकला आला, हात अडकला, तर?"

"पाठीकडे वळवून चिकटपट्टी लावते."

"लावा. रात्रीपासून पोटात काही नाही ना?"

"दिवस बुडाल्यावर पाणीबी न्हाई," आण्णा म्हणाले. "चव्वेचाळीस वर्षं झाली."

आम्ही जैन. आमच्या घरी सूर्यास्तानंतर ताट मांडलं जात नाही.

"असे पेशंट मिळायला पाहिजेत," डॉक्टर म्हणाले.

"आमची आख्खी गल्ली हाय. पाठवू काय?"

डॉक्टर हसले की नाही ते सांगता येत नाही, कारण त्यांनी मास्क लावला होता. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आज आत नको होतात."

"दुसरं कोण आहे?"

दुसरी टेक्निशियन रजेवर होती. तिचा अर्ज मीच पुढे पाठवला होता. डॉक्टरांनी हातमोजे चढवले आणि भूलतज्ज्ञांना खूण केली.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीच्या विभागात अकरा वर्षं काम करत होते. आमचं गाव मिरजेपासून अठ्ठावीस किलोमीटर, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. गावात आणि आसपासच्या दहा-बारा खेड्यांत आण्णांना कुणी भूपाल चौगुले म्हणून ओळखत नसे. माळ बांधणारे आण्णा म्हणून ओळखत.

कावीळ झालेली माणसं रविवारी सकाळी, काही न खाता, आमच्या दारात येत. आण्णा एकेकाला आतल्या खोलीत नेत आणि दार लावून घेत. आत खोटं बोलायचं नाही, आत झालेलं बाहेर सांगायचं नाही आणि जाताना मागं वळून बघायचं नाही, हे तीन नियम. पैसा नाही, नारळ नाही. माळ बांधताना गळ्याबरोबर असायची. दिवस जातील तशी ती लांबत छातीवर यायची, मग बेंबीपर्यंत. तेवढ्यात डोळे पांढरे व्हायचे. माळ मग नदीत सोडायची.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत मी आण्णांना सांगितलं होतं, की काड्या वाळतात, बारीक होतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. आणि साधी कावीळ तीन आठवड्यांत आपली आपण उतरते. आण्णा म्हशीला पेंड भिजवत होते.

"वाळल्यावर लांबणारच की," ते म्हणाले आणि बादली उचलून गोठ्यात गेले.

त्यानंतर वीस वर्षं हा विषय आमच्यात निघाला नाही. फक्त चिठ्ठ्या यायच्या. वर्षातून एक-दोनदा गावाकडचा कुणी पिवळा माणूस कॅलेंडरच्या फाडलेल्या कागदावरची चिठ्ठी घेऊन विभागाच्या दारात उभा राहायचा. 'चि. त्रिशलास आशीर्वाद. हे आपले पाहुणे. लवकर बघणे.' मला राग यायचा. यांनी आधी माळ घालून महिना घालवला आणि आता लवकर बघायचं, असं मी धरून चालत असे. त्यांच्या गळ्यात माळ नसायची. दवाखान्यात यायचं म्हणून लाजून काढून ठेवत असतील, असं मला वाटायचं. विचारलं तर ते एवढंच सांगत, "आण्णांनी पाठवलंय." मी नंबर पुढे घेत असे.

आण्णा स्वतः पिवळे झाले हे मला धाकट्या भावाने, सन्मतीने, फोनवर सांगितलं. सोनोग्राफीत पित्ताची नळी वरच्या बाजूला फुगलेली आणि मधे अडलेली दिसली. खडा दिसला नाही. मी गावाला गेले.

"दुर्बीण घालून बघावं लागेल," मी म्हणाले.

"येतो की," आण्णा म्हणाले. "तू माळ बांध, मग येतो."

"मी?"

"आपली आपल्याला बांधता येत न्हाई. आणि ही इद्या ज्याला दिली त्याची हुती. माझ्या हातनं मग जाईल. जाऊ दे. अडुसष्ट झालो."

"सन्मतीला शिकवा."

"त्येला गाठ येत न्हाई. दोन येळा बैल सुटलाय."

सन्मती तिथेच उभा होता. बैल खरंच सुटला होता.

मी हिशेब केला. काड्यांची माळ काही अपाय करत नाही, आणि ती बांधली तर माणूस बुधवारी टेबलावर येतो. रविवारी सकाळी आतल्या खोलीत आण्णांनी मला काड्या तोडायला आणि सरकती गाठ मारायला शिकवलं. बांधताना मनात णमोकार मंत्र म्हण, म्हणाले. मी म्हटला. माळ गळ्याबरोबर बसली.

"एवढंच?" मी विचारलं.

"बाकीचं मागनं सांगतो," आण्णा म्हणाले.

बुधवारी सकाळी वॉर्डात डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "ताप? थंडी? पोटात दुखतं?" आण्णा प्रत्येकाला "न्हाई" म्हणाले.

"अंगाला खाज सुटते?"

"न्हाई."

सलाईन लावताना मी त्यांचा हात उलटा केला होता. कोपरापासून मनगटापर्यंत नखांचे ओरखडे होते, काही जुने, काही ताजे. मी फॉर्मवर 'खाज – नाही' असं लिहिलं. पेशंट सांगेल ते लिहायचं, असा विभागाचा नियम आहे.

दुर्बीण तोंडातून जठरात आणि तिथून लहान आतड्याच्या पहिल्या वळणावर जाते. तिथे पित्ताची नळी उघडते. ते तोंड डाळीच्या दाण्याएवढं असतं. त्यातून बारीक तार वर सरकवायची, तारेवरून औषध सोडायचं आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघायचं. नळी चांगली असेल तर झाडासारखी दिसते, खाली खोड आणि वर फांद्या. आण्णांचं खोड मधेच आवळलेलं होतं. आवळलेला भाग दीड सेंटिमीटर, कडा खडबडीत. वरच्या फांद्या जाड झालेल्या.

खडा दिसला की डॉ. हेर्लेकर "आहे बघा" म्हणतात. त्या दिवशी ते काही म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "ब्रश."

ब्रश म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशासारखाच, पण ज्वारीच्या दाण्याहून बारीक. तो तारेच्या टोकाला असतो. आवळलेल्या जागी नेऊन पुढेमागे घासायचा, त्याला चिकटलेल्या पेशी काचेवर पसरायच्या आणि स्पिरिटात बुडवून तपासणीला पाठवायच्या. कॅन्सर आहे की नाही ते त्या काचा सांगतात. ब्रश हलवायचं आणि मोजायचं काम माझं. डॉ. हेर्लेकरांचा नियम दहा वेळांचा आहे. आठ नाही, नऊ नाही.

मी ब्रश हलवायला लागले. मधे आण्णांचा डावा पाय हलला. पायातला मोजा अर्धा निघाला होता.

"दहा," मी म्हणाले आणि ब्रश बाहेर घेतला.

मग डॉक्टरांनी आवळलेल्या भागातून प्लास्टिकची बोटभर लांब नळी वर सरकवली. तिला स्टेंट म्हणतात. आठवडेच्या आठवडे अडलेलं पित्त काळसर हिरव्या धारेने आतड्यात उतरलं. मी चार काचा केल्या. रजिस्टरमध्ये तारीख, नाव, वय आणि 'ब्रश – १०' असं लिहिलं.

दुपारी आण्णांनी डोळे उघडले.

"झालं?"

"झालं."

"माळ?"

"आहे."

ते पुन्हा झोपले.

स्टेंट बसल्यावर कावीळ उतरतेच. पाण्याच्या पाइपात अडकलेलं काढलं की पाणी यावं, तितकं ते साधं आहे. पाचव्या दिवशी आण्णांचे डोळे निवळायला लागले. माळही तोवर छातीवर आली होती. गावाला स्टेंट दिसत नव्हता. माळ दिसत होती.

मंगळवारी रिपोर्ट आला. 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत.' तो न्यायला सन्मती आला होता. त्याने तो दोनदा वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि माझ्यासाठी आणलेला पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवून गेला. पेढे रिपोर्ट येण्याआधीच आणलेले होते.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी एक्स-रेचं चित्र पडद्यावर लावलं होतं.

"मला हे चित्र आवडलेलं नाही," ते म्हणाले. "ब्रशला निम्म्या वेळा काही सापडत नाही. नाही सापडलं म्हणजे नाही, असं नसतं. परत घ्यायला हवं. या वेळी ब्रश आणि चिमट्याने तुकडाही."

"थांबलं तर?"

"आज जागा अशी आहे, की सर्जन काढू शकतील. दोन महिन्यांनी ते बाजूच्या रक्तवाहिनीला चिकटलं, तर पोट उघडतील, बघतील आणि परत शिवतील. तुम्हाला मी काय सांगू. तुम्ही रोज बघता."

"हो."

"ब्रश नीट फिरला होता ना?"

"दहा वेळा," मी म्हणाले.

मी फोनवर आण्णांना परत यायला सांगितलं. ते म्हणाले, "बघू." सन्मतीने फोन घेतला आणि म्हणाला, "अक्का, रिपोर्ट चांगला आलाय. डोळे पांढरे झालेत. दोन घास जास्त खायलेत. आता कशाला परत घशात नळी?" मी त्याला निम्म्या वेळांचं सांगितलं. तो म्हणाला, "मग निम्म्या वेळा बरोबरबी असतंय की." हिशेबाने ते चूक नव्हतं.

रविवारी सकाळी पहिल्या एसटीने मी गावाला गेले. दारात एरवी आठ-दहा माणसं असायची, त्या दिवशी पन्नासच्या वर होती. माळ बांधणाऱ्या माणसाला स्वतःला कावीळ झाली आणि त्याच्याच माळेने ती उतरली, ही बातमी बाजाराच्या दिवशी सगळीकडे गेली होती. सोप्यात भिंतीला सन्मतीने रिपोर्ट लावला होता. त्याला लॅमिनेशन केलं होतं.

आण्णा खांबाला टेकून बसले होते. माळ छातीच्या खाली आली होती.

"आलीस? बरं झालं. लोक खोळंबल्यात."

"मी तुम्हाला न्यायला आलेय."

"आधी ह्यास्नी बघ. माझ्या हातनं गेलीया. आता तुला बांधाय पायजे."

"आण्णा, मी नर्स आहे."

"म्हणून तर." ते उठले. "तू बांध, मी शेजारी बसतो. मागनं तुझं ऐकतो."

आतल्या खोलीत एक खिडकी, एक घोंगडं, काड्यांचं सूप आणि दोऱ्याचं रीळ. पहिला एक कॉलेजातला मुलगा आला. आण्णांनी दार लावलं. मी दोरा घेतला.

"थांब," आण्णा म्हणाले. "आधी विचारायचं. पैलं, अंगाला खाज सुटती का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मुलाकडे बघत होते.

"नाही," मुलगा म्हणाला.

"दुसरं, परसाकडंला पांढरट हुतंय का, शाडूसारखं?"

"नाही."

"तिसरं, दुखल्याबिगर, ताप आल्याबिगर पिवळा झालास का? आणि अंग उतरलंय का?"

"ताप आलेला. चार दिवस. मळमळत होतं. वजन आहे तेवढंच आहे."

"बांध," आण्णा मला म्हणाले. मुलाला म्हणाले, "तेलकट खाऊ नको. रक्त तपासून घे. तीन आठवड्यांत उतरली न्हाई तर परत ये."

मी बांधली. मुलगा मागं न बघता गेला.

दुसरी पन्नाशीतली बाई होती. रत्नाक्का नाव, पलीकडच्या गावची. तिच्या डोळ्यांचा रंग हळदीचा नव्हता, त्यात हिरवट झाक होती. असा रंग मी आठवड्यातून तीनदा बघत होते.

"विचार," आण्णा म्हणाले.

"खाज सुटते?"

"झोपू देत न्हाई बाई. मी फणीनं खाजवते."

"संडास पांढरट होते?"

"व्हय. शाडूवाणी."

"दुखत होतं? ताप?"

"काय सुदिक न्हाई. नुसती वाळत चाल्लीया. बांगड्या निघून पडायल्यात बघा."

मी काडी हातात घेऊन बसले होते. आण्णांनी ती माझ्या हातातून काढून सुपात ठेवली.

"रत्नाक्का, तुला माळ न्हाई," ते म्हणाले. "मिरजेला जायचं. उद्याच्या उद्या. त्रिशला, चिठ्ठी लिही."

भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं. त्याची तीन-चार पानं शिल्लक होती. आण्णांनी एक फाडून दिलं. मी लिहायला लागले आणि 'हे आपले पाहुणे' इथे थांबले. ती चिठ्ठी मलाच होती.

"मला कशाला चिठ्ठी?" मी म्हणाले. "उद्या साडेआठला या, रत्नाक्का. मी असते."

ती गेली. आण्णा दार उघडायला उठले.

"उघडू नका," मी म्हणाले. "बसा."

ते बसले.

"चिठ्ठी घेऊन यायचे ते सगळे असेच?"

"दोन 'हाय' आली की बांधायची न्हाई, असा नेम हाय. माझ्या मामानं मला काड्या दिल्या आणि हे तीन दिले. मामा म्हणायचा, माळ कुणीबी बांधंल. कुणाला बांधायची न्हाई ते कळाय पायजे. मामाच्या येळंला पाठवाय जागा नव्हती. तो नुसतं न्हाई म्हणायचा. मला निदान तू हुतीस."

बाहेर लोकांचं बोलणं चाललं होतं. कुणीतरी सन्मतीला विचारत होतं, आज किती वेळ लागणार.

"खाज सुटत होती का, आण्णा?" मी विचारलं.

ते दाराकडे बघत राहिले.

"आत खोटं बोलायचं नाही," मी म्हणाले.

"हुती. पिवळा व्हायच्या आधी पंधरा दिवस. आता त्या नळीनं कमी झालीया."

"रंग?"

"पांढरा."

"अंग?"

"सगळ्या पैरणी ढगळ झाल्या. सन्मतीला वाटलं, सून धुऊन ताणतीया."

"म्हणजे तीन 'हाय'."

"तीन."

"आणि मी बांधली."

"तू विचारलं न्हाईस."

"तुम्ही शिकवलं नव्हतं."

आण्णांनी माळेची एक काडी चिमटीत धरली. ती वाळून जिऱ्याच्या काडीसारखी झाली होती.

"शिकवलं असतं तर तू बांधली नसतीस," ते म्हणाले. "एवढ्या लोकांच्या गळ्यात बांधली. मलाबी वाटलं. एकदा आपल्याला लागू पडती का बघावं."

मी दोऱ्याचं रीळ सुपात ठेवलं. मग म्हणाले, "डॉक्टरांना तुम्ही खाज नाही म्हणून सांगितलं."

"सांगितलं."

"मी लिहून घेतलं. ओरखडे बघून लिहून घेतलं." मी सूप बाजूला सरकवलं. "आणखी एक आहे. आतून पेशी काढायचा ब्रश असतो. तो दहा वेळा फिरवायचा असतो. मी सहा वेळा फिरवला."

"का?"

"तुमचा पाय हलला. वाटलं, दुखतंय."

"दुखत हुतं?"

"नाही. तुम्हाला भूल दिलेली होती. पाय असाही हलतो. रोज कुणाचा तरी हलतो."

"मग रोज सहा करतीस काय?"

"नाही. दहा करते."

"ह्या येळंला किती सांगितलंस?"

"दहा. दोनदा सांगितलं. रजिस्टरलाही दहाच लिहिलंय. तो बाहेर लावलाय तो रिपोर्ट सहाचा आहे. दहाचा असता तरी कदाचित तोच आला असता. मला माहीत नाही."

"डॉक्टरला म्हाईत हाय?"

"नाही."

आण्णांनी माळ दोन्ही हातांनी डोक्यावरून काढली. ती आता सहज निघत होती. ती त्यांनी खुंटीला अडकवली.

"मी खोटं सांगितलं, तू खोटं मोजलंस," ते म्हणाले. "बुधवारी जाऊ."

मग त्यांनी दार उघडलं. उरलेल्यांना मी एकेक करून तीन प्रश्न विचारले आणि ज्यांना बांधायची त्यांना बांधल्या. दोन वाजले. शेवटी आण्णा सोप्यात आले आणि भिंतीकडे बोट करून सन्मतीला म्हणाले, "ते काढ."

"का?"

"चुकीचं हाय."

"आण्णा, लॅमिनेशन केलंय."

"म्हणून बरोबर हुतंय काय? काढ."

सोमवारी रत्नाक्काचा केसपेपर काढून दिल्यावर मी डॉ. हेर्लेकरांच्या केबिनमध्ये गेले आणि सहाचं सांगितलं. त्यांनी रजिस्टर मागवलं. 'ब्रश – १०' वर रेघ मारून शेजारी ६ लिहिलं आणि मला तिथे सही करायला लावली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"परत करताना तुम्ही आत असाल की बाहेर?" त्यांनी विचारलं.

"आत."

"मग मोठ्याने मोजा."

रजिस्टर हातात होतं म्हणून मी मागची पानं काढून बसले. अकरा वर्षांत आण्णांची चिठ्ठी घेऊन आलेले मला सतरा आठवले. सतराही नावं सापडली. नऊ जणांच्या नळीत खडा, पाच जणांच्या स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ, तिघांच्या पित्तनलिकेतच गाठ. साधी कावीळ एकही नव्हती. मी ते पान डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

"हे कुणाचे पेशंट?"

"वडिलांचे."

"ते माळ बांधतात ना?"

"यांना बांधली नव्हती."

बुधवारी आण्णा टेबलावर आले तेव्हा त्यांचा गळा मोकळा होता.

"माळ कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"खुंटीला. आणि त्या कागदावर खाज न्हाई असं लिवलंय, ते खोडा. हुती."

"कशावरून कळतं तुम्हाला, कुणाला इकडे पाठवायचं ते?"

"तुमास्नी आत जाऊन बघाय लागतंय," आण्णा म्हणाले. "मी भाईरनं विचारतो."

या वेळी डॉक्टर हसले. त्यांनी अजून मास्क लावला नव्हता.

जुना स्टेंट काढला. तार वर गेली. औषध सोडलं, पडद्यावर तेच झाड आणि खोडाला तीच आवळलेली जागा. डॉक्टर म्हणाले, "ब्रश." मी मोठ्याने मोजायला लागले. एक. दोन. भूलतज्ज्ञांनी मान वर केली. तीन. चार. पाच. सहाला आण्णांचा डावा पाय हलला. मी सात म्हणाले. दहा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "पुरे." मी आणखी दोन केले. मग त्यांनी चिमट्याने तीन तुकडे घेतले आणि नवा स्टेंट बसवला.

पुढचं थोडक्यात सांगते. तीन आठवड्यांनी मोठं ऑपरेशन झालं. सर्जनना सगळं काढता आलं. आण्णा त्यानंतर साडेचार वर्षं जगले. दर रविवारी ते आतल्या खोलीत बसून प्रश्न विचारायचे आणि बांधायची असेल तर बाहेर हाक मारायचे. गाठ सन्मतीच्या बायकोला येते. मी महिन्यातून एकदा जायचे, अजून जाते. रत्नाक्काच्या नळीत खडा निघाला. ती दर दिवाळीला आमच्याकडे करंज्या पाठवते.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळचं राहिलं. ब्रशच्या काचा आणि तुकडे, दोन्हीत एकच लिहिलेलं होतं. मी तो उभ्यानेच वाचला आणि विभागातल्या फोनवरून घरी फोन लावला. आण्णांनीच उचलला.

"आला," मी म्हणाले. "कॅन्सर आहे. पेशी सापडल्या."

पलीकडून म्हशीचा आवाज येत होता.

"किती येळा फिरवलास?" आण्णांनी विचारलं.

"बारा."

"मोठ्यानं?"

"मोठ्याने."

"मग बरोबर असंल," ते म्हणाले. "ठेव आता. दिवस बुडायला आलाय, जेवायचं हाय."